परबांची लेक धुक्यातून आली

चंदीगडात मराठी माणूस कसा ओळखावा, ह्याची विश्राम परबांची स्वतःची पद्धत आहे. किराण्याच्या दुकानात जो कोकम मागतो, आणि ‘वो क्या होता है जी?’ ऐकल्यावर निघून न जाता दुकानदाराला कोकम समजावत उभा राहतो, तो आपला. असा माणूस सापडला की परब त्याचा दंड धरतात, आणि पुढच्या रविवारी तो सहकुटुंब परबांच्या चव्वेचाळीस सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये वडे खात बसलेला असतो. सुटका नाही.

ह्या परबांची एकुलती एक लेक ऋजुता. तिला मात्र हाताच्या अंतरावर बसलेली मराठी बाई ओळखता आली नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

परब मूळचे कुडाळचे. टेलिफोन खात्यात बदली होऊन चंदीगडला आले, मुलीची शाळा मोडू नये म्हणून पुढची बदली टाळत राहिले आणि रिटायर झाल्यावर ‘आता कुठे सामान हलवायचं’ म्हणून इथेच राहिले. बाकीची मराठी मंडळी येणारी-जाणारी. चंडीमंदिरचे फौजी, मोहालीच्या नॉलेज सिटीतले प्राध्यापक, बँकांतले साहेब. कुणाचंच इथे गणगोत नाही, त्यामुळे सगळेच एकमेकांचे गणगोत. ऋजुताच्या लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी काका-काकूंचा एक जथा ट्रकमध्ये सामान घालून निघून जाई आणि नवे काका-काकू हजर होत. नाव विसरलं तरी चाले. नमस्कार विसरला तर शशिकलाबाई डोळे मोठे करत.

शशिकलाबाई म्हणजे ऋजुताची आई. इतकी वर्षं पंजाबात काढून त्यांच्या तोंडातली मालवणी तसूभर हललेली नाही. त्यांना शुद्ध पुस्तकी मराठी उत्तम येते, पण ती त्या फक्त दोन वेळा वापरतात: मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानताना, आणि मनातून दुखावल्या असताना. घरातल्या माणसांना ह्या दुसऱ्या वेळेची फार धास्ती.

ऋजुता आणि तिचा नवरा प्रणव, हा नाशिकचा, लग्न झाल्यापासून नेदरलँडमध्ये, आयंडहोवनला. दोघंही तिथल्या कंपन्यांत नोकरीला. तिथे राहून त्यांना एक खोड लागली, जी परदेशातल्या बहुतेक मराठी जोडप्यांना लागते आणि कुणीच कबूल करत नाही. चारचौघांत मोठ्याने मराठीत बोलायचं. कुजबुजायचं नाही, खुशाल बोलायचं. बसमध्ये समोर बसलेल्या गोऱ्या आजोबांच्या पँटविषयी, लिफ्टमध्ये शेजारणीच्या नव्या केसांविषयी, तिच्या तोंडाकडे हसून बघत. शेजारीणही हसे, बिचारी. मराठी म्हणजे त्यांची काळी काच होती. आतून बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरून आतलं काही नाही.

आता माहेरपणाचं ऐका. दर डिसेंबरात दोघं भारतात यायची, आधी नाशिक, मग चंदीगड, किंवा उलट. नाशिकचं जाऊ द्या. चंदीगडला पोचल्या दिवसापासून परबांचा कार्यक्रम तयार असायचा. पहिल्या संध्याकाळी घरी सगळ्यांना वडे-कोंबडी. मग रोज दोन घरं. प्रत्येक घरी परब स्वतः बरोबर येत आणि तेच भाषण करत: "ही आमची ऋजू. नेदरलँडला असते. ह्यांचं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे!"

"अगबाई! मग पाणी नाही येत?"

आयंडहोवन समुद्रसपाटीच्या चांगलं वर आहे, हे ऋजुताने पहिल्या वर्षी सांगून पाहिलं. परबांचा चेहरा इतका उतरला की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. जावईबापू पोह्यांची तिसरी बशी पुढ्यात घेऊन समुद्राखालच्या घराबद्दल मान डोलवत बसायचे. परतीच्या विमानात दोघं पोटावर हात ठेवून झोपायची.

म्हणून गेल्या डिसेंबरात ऋजुताने युक्ती काढली. युक्ती तिचीच, प्रणव बिचारा फक्त "बघ हं" म्हणाला होता. घरी सांगायचं की शनिवारी सकाळी दिल्लीहून विमानाने चंदीगडला पोचतो. प्रत्यक्षात गुरुवारीच यायचं. पस्तीस सेक्टरात हॉटेल घ्यायचं आणि दोन दिवस कुणाचेही कुणी नसायचं. झोपायचं. आणि तिला प्रणवला तिचं चंदीगड दाखवायचं होतं. शाळेतून येताना सायकल पडली तो चौक, कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर छोले-भटुरे खायची ती जागा. इतक्या वर्षांत फक्त नवऱ्याबरोबर ह्या गावातून चालायला तिला मिळालं नव्हतं. ह्यात तिचं चुकलं असं कुणाला म्हणवणार नाही. चूक पुढे झाली.

शुक्रवारी सकाळी दोघं सुखना लेकवर गेली. कडाक्याची थंडी, पाण्यावर परदेशी बदकं, आणि काठावर स्वेटर-शाली गुंडाळून चालणारं निम्मं चंदीगड. दोघं चहाचे कप घेऊन एका बाकावर बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. ट्रॅकसूट, तोंडावर मफलर, डोक्यावर लाल लोकरीची टोपी आणि टोपीवर हा एवढा गोंडा. बूट सोडून पुन्हा बांधत होती.

प्रणवने एकदा बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "गोंडा बघ. बाई कमी, गोंडा जास्त."

"हळू रे," ऋजुता म्हणाली, पण हसत. हळू बोलायची तिला स्वतःला तरी कुठे गरज वाटत होती? आजूबाजूला सगळी पंजाबी. काळी काच वर.

"आत्ता घरी असतो तर काय चाललं असतं?" प्रणवने विचारलं.

मग काय, ऋजुताला चेव चढला. तिने बापाची नक्कल केली, छाती काढून: "ही आमची ऋजू! ह्यांचं घर समुद्रसपाटीच्या खाली!" मग चव्वेचाळीस सेक्टरातल्या त्या दिवाणखान्याची, खुर्च्यांच्या रांगेची, एकेका काकूची. प्रणवच्या नाकातून चहा आला. तेवढ्यावर थांबती तर बरं होतं. पण हसणाऱ्या नवऱ्यासमोर माणूस दोन वाक्यं जास्तच बोलतो.

"खरं सांगू का? आईबाबांना मी नकोच असते रे. त्यांना माणसं गोळा करायला निमित्त पाहिजे असतं. आईने अख्ख्या वर्षात एकदा तरी विचारलंय का, तू झोपतेस ना नीट? वडे खा, वडे खा! त्या वड्यांपेक्षा हॉटेलची पांढरी चादर बरी. निदान त्या चादरीला मला कुणाला दाखवायचं नसतं."

गोंडेवाल्या बाईचे बूट बांधून झाले होते. ती उठली, क्षणभर थांबली, मग भराभर निघून गेली. दोघांनी बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी खिडकीबाहेर पाहिलं तर समोरची इमारत गायब. धुकं असं की रस्त्यावरचे दिवेसुद्धा पुसट झाले होते. ऋजुता पांढऱ्या चादरीत बसून कॉफी पीत होती, तेवढ्यात बाबांचा फोन.

"ऋजू! कुठे आहात? तुमचं दिल्लीचं विमान रद्द झालंय! मी मोबाइलवर बघतोय मघापासून!"

आता खरं बोलायची ही शेवटची सोपी संधी होती. ऋजुताच्या तोंडातून निघालं, "हो बाबा, म्हणून आम्ही टॅक्सी केली. दिल्लीहून."

"टॅक्सी? ह्या धुक्यात? हायवेवर गाड्या गाड्यांवर आदळतायत, टीव्हीवर दाखवतायत! कुठे पोचलात?"

ऋजुताने प्रणवकडे पाहिलं. प्रणव मोबाइलवर नकाशा शोधत होता. "मुरथल," तो पुटपुटला. दिल्ली सोडल्यावर लागणारं, पराठ्यांच्या ढाब्यांचं गाव.

"मुरथल, बाबा."

मग सुरू झाला तो प्रवास. परब दर थोड्या वेळाने फोन करत. पानिपत आलं का? आलं, बाबा. कर्नाल? पोचतोय. प्रणव पलंगावर मांडी घालून धुक्यातला वेग धरून हिशेब करत होता, आणि सुरुवातीला, कबूल करायला हवं, दोघांना थोडी मजासुद्धा वाटत होती. कर्नालनंतर परबांनी फर्मावलं, "ड्रायव्हरला फोन दे. मी बोलतो त्याच्याशी."

"बाबा, तो गाडी चालवतोय..."

"मग बाजूला घ्यायला सांग! दे फोन."

ऋजुताने फोन प्रणवपुढे धरला. प्रणवने टॉवेल तोंडाशी घेतला आणि आवाज जाड करून म्हणाला, "जी अंकलजी."

"बेटा," पलीकडून विश्राम परबांचा आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल असा, "आराम से चलाना. देर हो जाए, कोई बात नहीं. मेरी एक ही बेटी है, बेटा."

"जी अंकलजी. पक्का, अंकलजी."

फोन बंद झाला. प्रणवने टॉवेल खाली ठेवला. तो हसत नव्हता. ऋजुताने चादर अंगाभोवती ओढून घेतली, मग तिला ती चादरच नकोशी वाटली आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. घर गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर होतं, आणि तिचा बाप तिला अंबाल्याच्या पलीकडे शोधत होता.

"आत्ता जाऊ या," ती म्हणाली.

"आत्ता कसं? कर्नालहून उडून?"

म्हणजे खोटं बोलल्याबद्दल बसून राहण्याची शिक्षाही भोगायची होती. त्यांनी ती भोगली. कुरुक्षेत्र, अंबाला, झिरकपूर. एकेक गाव बाबांच्या आवाजात ऐकायचं आणि हो म्हणायचं.

दुपारी टॅक्सी चव्वेचाळीस सेक्टरात वळली तेव्हा परब माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून फाटकाबाहेर उभे होते. कधीपासून, ते विचारायची ऋजुताची हिंमत झाली नाही. त्यांचा हात धरला तर बर्फ. परबांनी आधी टॅक्सीवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले. "थँक्यू बेटा, थँक्यू." पस्तीस सेक्टरातून आलेला तो तरुण सरदार गोंधळून म्हणाला, "कोई ना जी." प्रणवने घाईघाईने डिकीतून बॅगा काढल्या.

"आणि तुझी आई!" जिना चढताना परब म्हणत होते. "आमचा जीव इथे टांगणीला, आणि ही बाई निवांत! म्हणे, येतील हो, बसा. मी म्हटलं, हिला काळजी नावाची गोष्ट आहे की नाही!"

दारात शशिकलाबाई उभ्या होत्या. दर वर्षी ‘इलंस गो! किती बारीक झालंस!’ अशी आरोळी जिन्यातूनच ऐकू यायची, आणि वरच्या मजल्यावरचे ग्रेवाल दार उघडून बघायचे. ह्या वेळी त्या म्हणाल्या:

"ये. दमली असशील. हातपाय धुऊन घे."

शुद्ध मराठी.

आत दिवाणखान्यात ग्रेवालांकडून दर वेळी आणतात त्या खुर्च्या होत्या, पण घड्या घालून भिंतीला टेकवलेल्या. माणूस एकही नाही.

"आज कुणी येणार नाही का?" प्रणवने विचारलं.

"हिने सगळ्यांना फोन करून नको सांगितलं," परब तक्रारीच्या सुरात म्हणाले. "काल सकाळीच! तेव्हा तर धुकंही नव्हतं. म्हणे, पोरं दमलेली असतील. सगळे कार्यक्रम रद्द! मी चार दिवस आखत होतो."

ऋजुता बॅग घेऊन आपल्या खोलीत गेली. पलंगावर दर वर्षी आईची ती भडक फुलाफुलांची चादर असायची, ऋजुताच्या लग्नात आलेली. आज तिथे नवी कोरी पांढरी चादर होती. नुकती पुडक्यातून काढलेली. घड्यांच्या रेषा तशाच उभ्या-आडव्या उमटलेल्या. हॉटेलात खोचतात तशी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. एका कोपऱ्यात नीट जमलं नव्हतं, तिथे टाचणी लावली होती.

ती बराच वेळ त्या टाचणीकडे बघत उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. आई गॅसपाशी, पाठमोरी.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"चंडीमंदिरला ईश्वरी म्हणून नवीन आली आहे. कर्नलसाहेबांची बायको, सांगलीची. सकाळी लेकवर फिरायला जाते." शशिकलाबाई आमटी ढवळत होत्या. "आज तिला जेवायला बोलावलं होतं, तुझी ओळख करून द्यायला. काल तिचा फोन आला, काकू मी नाही येत, मुलीला निवांत राहू द्या. मी म्हटलं, का गं? ती सांगत नव्हती. मीच खोदून खोदून विचारलं. चूक माझीच."

लाल गोंडा ऋजुताच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यामागोमाग त्या बाकावर स्वतः बोललेलं प्रत्येक वाक्य, अगदी शब्दाशब्दाने.

"आई, मी ते तसं..."

"दोन दिवस झोप झाली ना नीट?" आईने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तेच तर वाईट होतं. ती खरंच विचारत होती; कुणीतरी सांगितलं होतं ना, की तिने कधी विचारलं नाही म्हणून.

ऋजुता ओट्याला धरून उभी राहिली. "मी बाबांना सगळं सांगते. आत्ता."

त्यासरशी शशिकलाबाई वळल्या. "अजिबात नाही. तुला सांगून मोकळं वाटेल, आणि त्यांचं काय? सकाळपासून तो माणूस फाटकात उभा होता. कुणासाठी उभा होता, ते त्याला कळायला नको. तू मनात ठेव. मी ठेवलंय तसं."

म्हणजे मोकळं होण्याची वाटही बंद. तो सगळा दिवस ऋजुताला हवा होता तसाच गेला. कुणी आलं नाही. कुणी वडे पानात वाढले नाहीत. आई मऊ भात आणि आमटी वाढून "आणखी हवं असेल तर सांग" म्हणाली, एखाद्या हॉटेलात म्हणतात तसं. परब मोबाइल घेऊन एका खुर्चीवर बसले, मग दुसऱ्या. घरात घड्याळ वाजत होतं हे ऋजुताला पहिल्यांदाच कळलं. त्या पांढऱ्या चादरीवर तिला डोळाही लागला नाही.

सकाळी ती उठून आईपुढे जाऊन बसली. "ईश्वरीताईंचा नंबर दे. आणि बाकीच्यांचेही."

"कशाला?"

"मी बोलावते सगळ्यांना. आज संध्याकाळी."

"उगाच माझ्यासाठी नको काही."

"तुझ्यासाठी नाही. दे नंबर."

पहिला फोन तिने ईश्वरीला लावला. "मी परबांची ऋजुता," ती म्हणाली. "लेकवरची. तुमचा... आम्ही तुमच्या टोपीलाही बोललो होतो."

मग ईश्वरी म्हणाली, "गोंडा मोठाच आहे हो. माझे मिस्टरही तेच म्हणतात." आणि मग हलकेच, "मी काकूंना सांगायला नको होतं. परवापासून माझंच मन खातंय. मला वाटलं, आपण तरी एक ओझं कमी करावं."

"संध्याकाळी या," ऋजुता म्हणाली. "प्लीज. तुम्ही आला नाहीत तर आई समजेल, मी तुम्हाला बोलावलंच नाही."

संध्याकाळी खुर्च्या उघडल्या. मोहालीचे आले, चंडीमंदिरचे आले, सगळे काका, सगळ्या काकू. ईश्वरी आली ती तोच लाल गोंडा घालून, आणि आल्या आल्या टोपी काढून पर्समध्ये कोंबली. प्रणवने तिला पाहिलं आणि तो पाणी आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आतच. ऋजुता स्वतः वडे थापत होती, वेडेवाकडे. एकेकाला नमस्कार करत होती. समुद्रसपाटीखालचं घर येईल म्हणून तिने मनाची तयारी केली होती. येऊ दे, मी म्हणेन, हो काकू, पाणी अगदी दारापर्यंत येतं.

पण परबांना ह्या वर्षी त्याहून मोठी गोष्ट मिळाली होती.

"मंडळी!" ते उभे राहिले. "काल काय झालं ऐका. विमान रद्द! दुसरी पोरं असती तर दिल्लीला हॉटेल घेऊन आरामात झोपली असती. आणि आमची ऋजू? टॅक्सी करून निघाली! त्या धुक्यात! का? तर आईबाप वाट बघतायत म्हणून!"

"वा, वा! नशीब काढलंत, परब!"

"मी स्वतः ड्रायव्हरशी बोललो. असा सज्जन माणूस! म्हणतो, पक्का अंकलजी. आवाजावरून कळतं हो माणूस कसा आहे ते."

प्रणवच्या हातातला तांब्या वाजला. ऋजुता ताट घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. ईश्वरी आपल्या ताटात बघत होती. कानशिलं तापलेली ऋजुताला स्वतःला जाणवत होती, आणि मंडळी समजली की पोर लाजली.

"ऋजू, सांग ना तू!" परबांचा चेहरा दिव्यासारखा. "मुरथलला थांबलात ना? काय खाल्लंत? धुकं कसं होतं तिथे? सांग सगळ्यांना!"

ऋजुताने तोंड उघडलं. तिने आईकडे पाहिलं. शशिकलाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या, आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं ते पुरतं, वरपासून खालपर्यंत, आल्यापासून पहिल्यांदाच.

"पुरे झाला तुमचा धुका," त्या लेकीकडे हात करून नवऱ्यावर खेकसल्या. "चेडू कालपास्ना उभा आसा. जेवा पयलां सगळे, थंड होतला!" मग लेकीच्या हातातलं ताट काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पुढ्यात वडे ठेवले. "खा गो."

ऋजुताने खाल्ले. मान वर न करता, एकामागून एक, पानात पडतील तेवढे.